मोटारसायकल आणि जास्त ऑक्टेनचे पेट्रोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरल्याने मोटारसायकलच्या इंजिनाला फायदा होतो का?

बहुतेक मोटारसायकलींना होत नाही. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किमान ऑक्टेन अंक लिहिलेला असतो. तेवढ्या अंकाचे पेट्रोल टाकीत असले की इंजिनाची गरज भागते. त्यावरचे चार-सात अंक काहीही काम न करता सायलेन्सरवाटे निघून जातात. शक्ती, पिकअप किंवा अ‍ॅव्हरेज यांपैकी काहीच त्यामुळे वाढत नाही. याला काही खरे अपवाद आहेत: पुस्तिकाच जास्त अंक मागत असेल, इंजिनात नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी आपणहून पेटणे, म्हणजे नॉकिंग, ओळखणारा भाग) असून जादा ऑक्टेनचा उपयोग करून घेण्याची त्याला मुभा दिलेली असेल, इंजिनात फेरफार करून कॉम्प्रेशन वाढवलेले असेल, किंवा आत साठलेल्या कार्बनमुळे इंजिन नेहमीच्या पेट्रोलवर नॉकिंग करू लागले असेल. या प्रत्येकाविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

ऑक्टेन अंक नेमके काय मोजतो?

हवा आणि पेट्रोलचे मिश्रण दाबले व तापवले गेले असता, ठिणगीची वाट न पाहता आपणहून पेट घेण्याला ते किती विरोध करते, एवढेच हा अंक सांगतो. पेट्रोलची शुद्धता, ताकद किंवा ताजेपणा यांविषयी तो काहीही सांगत नाही.

ही मोजपट्टी १९२० च्या दशकात ग्रॅहम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून आली. नॉकिंगला उत्तम विरोध करणाऱ्या आयसोऑक्टेनला १०० आणि लगेच नॉकिंग करणाऱ्या नॉर्मल हेप्टेनला ० असे अंक देण्यात आले. चाचणीसाठी एका सिलिंडरचे खास इंजिन वापरतात, ज्याचा कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते प्रमाण) इंजिन चालू असतानाच कमीजास्त करता येतो. एखादे पेट्रोल त्या इंजिनात ९५ भाग आयसोऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकेच नॉकिंग करत असेल, तर त्याचा अंक ९५ ठरतो. त्या पेट्रोलमध्ये ९५ टक्के आयसोऑक्टेन असते, असा अर्थ मात्र काढू नये. पंपावरचे पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते आणि त्यात आयसोऑक्टेनचा वाटा बराच कमी असू शकतो. इथेनॉलमध्ये तर आयसोऑक्टेनचा थेंबही नसतो, तरी त्याचा अंक १०० च्या वर, सुमारे १०८ येतो.

नॉकिंग होते म्हणजे इंजिनाच्या आत काय घडते?

ठिणगी पडल्यावर ज्योत स्पार्क प्लगपासून निघून ज्वलनकक्षाच्या कडांकडे सरकत जाते. हे ज्वलन वेगाने होत असले तरी क्रमाक्रमाने होते, आणि इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पाडण्याची वेळ) असे बसवलेले असते की पिस्टन वरच्या टोकावरून खाली वळल्यावर क्रँक साधारण १० ते १५ अंश फिरलेला असताना दाब सर्वाधिक व्हावा. ज्योत पुढे येते तसे जळलेले वायू फुगतात आणि कडेला उरलेल्या, अजून न पेटलेल्या मिश्रणाला दाबत आणि तापवत जातात. ज्योत तिथे पोहोचण्याआधीच त्या मिश्रणाचा धीर सुटला, तर ते सगळे जवळजवळ एकाच क्षणी पेटते आणि दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटू लागतात. या लाटांची वारंवारता बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या व्यासावर, अवलंबून असते. कारच्या ८६ मिलिमीटर बोअरच्या इंजिनात ती साधारण ६ ते ७ हजार हर्ट्झ असते, तर ५० मिलिमीटरच्या आसपास बोअर असलेल्या लहान मोटारसायकलीत १० हजार हर्ट्झच्या पुढे जाते. म्हणूनच लहान इंजिनाचे नॉकिंग बारीक आणि चिरके असते, आणि हेल्मेटच्या आत, वाऱ्याच्या आवाजात, ते सहज निसटून जाते.

नुकसान केवळ आपटण्याने होत नाही. सिलिंडरच्या भिंतीलगत आणि पिस्टनच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो, जो धातूला आतल्या उष्णतेपासून वाचवतो. नॉकिंगच्या लाटा तो थर विस्कटून टाकतात, धातूत शिरणारी उष्णता एकदम वाढते आणि तापलेल्या भागांमुळे नॉकिंग आणखी वाढते. चढावर क्षणभर ऐकू आलेले हलके नॉकिंग इंजिनाला सहसा काही करत नाही. पूर्ण थ्रॉटलवर सलग चालू राहिलेले नॉकिंग मात्र पिस्टनचा माथा खरवडते, रिंगांच्या खाचांमधले कंगोरे तोडते आणि हेड गॅस्केट उडवते.

जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये ऊर्जा जास्त असते ना?

नाही. पेट्रोलच्या एका किलोग्रॅमपासून साधारण ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते, आणि वेगवेगळ्या ऑक्टेनच्या पेट्रोलांमधला फरक एक-दोन टक्क्यांच्या घरात असतो. तो फरक कोणत्या बाजूने पडेल हे पेट्रोल कशापासून बनवले आहे यावर ठरते, अंकावर नाही. इथेनॉल मिसळून ऑक्टेन वाढवले असेल तर ऊर्जा उलट कमी होते, कारण इथेनॉलच्या एका किलोग्रॅमपासून सुमारे २७ मेगाज्यूलच मिळतात.

मग शर्यतीच्या आणि सुपरस्पोर्ट गाड्यांना जास्त ऑक्टेन कशासाठी लागते?

कारण त्यांचे इंजिन बनवतानाच जास्त ऑक्टेन गृहीत धरलेले असते. कॉम्प्रेशन रेशो वाढवला की त्याच पेट्रोलमधून जास्त काम काढता येते. आदर्श ऑटो चक्राचे (पेट्रोल इंजिनाच्या कामाच्या सैद्धांतिक रूपाचे) गणित केले तर ९ रेशोला कार्यक्षमता सुमारे ५८ टक्के आणि १२ रेशोला सुमारे ६३ टक्के येते. प्रत्यक्ष इंजिनात उष्णता आणि घर्षण यांमुळे दोन्ही आकडे बरेच खाली येतात, पण चढती दिशा तीच राहते. डुकाटीच्या पानिगाले व्ही४ मध्ये हा रेशो १४ पर्यंत नेलेला आहे, तर रोजच्या वापराच्या १०० ते १२५ सीसी गाड्यांत तो साधारण ९ ते १० असतो. रेशो वाढला की मिश्रण जास्त दाबले आणि तापवले जाते, आणि कमी ऑक्टेनचे पेट्रोल ते सोसत नाही.

म्हणजे शक्ती कॉम्प्रेशनमधून आणि योग्य टायमिंगमधून येते, आणि पेट्रोलचा ऑक्टेन अंक त्या दोहोंना फक्त वाव देतो. ज्या इंजिनाचा रेशो ९.५ आहे आणि ज्याची ठिणगी आधीच सर्वाधिक टॉर्क देणाऱ्या क्षणी पडते आहे, त्याला आणखी वाव देऊन ते त्याचे काय करणार? टाकीत काहीही ओतले तरी त्याचा रेशो ९.५ च राहतो.

जास्त ऑक्टेनचे पेट्रोल सावकाश जळते आणि त्यामुळे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतात, हे खरे आहे का?

हा समज फार जुना आहे आणि फार चिवट आहे. आपणहून पेटायला विरोध करणे आणि ठिणगीने पेटल्यावर जळण्याचा वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. इथेनॉलचे ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असूनही त्याची ज्योत पेट्रोलपेक्षा किंचित वेगाने सरकते. पंपावर मिळणाऱ्या दोन प्रतींमधला ज्वलनवेगाचा फरक इतका थोडा असतो की त्याने व्हॉल्व्हला इजा होत नाही. व्हॉल्व्ह जळतात ते टॅपेट क्लिअरन्स (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली मोकळी फट) संपल्यामुळे, मिश्रण फार पातळ झाल्यामुळे (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडल्यामुळे) किंवा टायमिंग फार मागे गेल्यामुळे.

काही ठिकाणी साधे पेट्रोल ८७ अंकाचे असते आणि काही ठिकाणी ९५ अंकाचे. हे कसे?

मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे रॉन, चाचणी-इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर आणि मध्यम तापमानाच्या हवेवर चालवून काढतात. मोटर ऑक्टेन नंबर, म्हणजे मॉन, ९०० फेऱ्यांवर आणि मिश्रण सुमारे १४९ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून काढतात. दुसरी चाचणी कडक असल्यामुळे त्याच पेट्रोलचा मॉन रॉनपेक्षा साधारण ८ ते १० अंकांनी कमी येतो. युरोपात आणि जगाच्या बऱ्याच भागांत पंपावर रॉन लिहितात. अमेरिका आणि कॅनडात या दोहोंची सरासरी लिहितात, जिला अँटी-नॉक इंडेक्स म्हणतात.

त्यामुळे अमेरिकी पंपावरचे ८७ म्हणजे साधारण ९१ ते ९२ रॉन, आणि तिथले ९१ म्हणजे साधारण ९५ ते ९६ रॉन. परदेशी व्हिडिओत कोणी "या गाडीला ९१ चालते" असे म्हणत असेल, तर तो कोणत्या पद्धतीचा ९१ सांगतो आहे हे पाहिल्याशिवाय आपल्या पंपावरच्या आकड्याशी तुलना करू नये. यात होणारी चूक चार-पाच अंकांची असते, आणि ती इंजिनाच्या बाबतीत लहान नाही.

कॉम्प्रेशन रेशोवरून आपल्या गाडीला किती ऑक्टेन लागेल हे ठरवता येते का?

अंदाज बांधता येतो, निर्णय घेता येत नाही. "१० पर्यंत ९१, ११ च्या वर ९५" अशा तक्त्यांना फारसा अर्थ नसतो, कारण रेशोइतक्याच महत्त्वाच्या आणखी बऱ्याच गोष्टी असतात आणि मोटारसायकलीत त्यांतल्या अनेक गोष्टी इंजिनाच्या बाजूने असतात.

पहिली गोष्ट बोअरची. लहान सिलिंडरमध्ये ज्योतीला कडेपर्यंत पोहोचायला थोडेच अंतर कापावे लागते, त्यामुळे कडेच्या मिश्रणाला आपणहून पेटायला अवधी मिळत नाही. दुसरी गोष्ट फेऱ्यांची. ज्वलनाला क्रँकचे ४० अंश लागतात असे धरले, तर मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर त्याला २.२ मिलिसेकंद मिळतात आणि १०,००० फेऱ्यांवर जेमतेम ०.६७ मिलिसेकंद. नॉकिंगला आधी रासायनिक तयारीचा वेळ लागतो, आणि उच्च फेऱ्यांवर नेमका तोच नसतो. लिक्विड कूलिंग असेल तर सिलिंडर हेड ठरावीक तापमानात राहते. एअर कूल्ड इंजिन रहदारीत अडकले की बरेच तापते आणि त्याची ऑक्टेनची मागणी वाढते. ज्वलनकक्षाचा आकार, प्लगची जागा, व्हॉल्व्हचे टायमिंग आणि मिश्रण किती दाट आहे, या सगळ्यांचा हिशेब उत्पादकाने चाचणीगृहात केलेला असतो. यामाहाच्या आर१५ सारख्या ११.६ रेशोच्या १५५ सीसी इंजिनाला साधे पेट्रोल पचते आणि एखाद्या मोठ्या बोअरच्या, १० रेशोच्या एअर कूल्ड जुळ्या सिलिंडरला ९५ लागते, याचे कारण हेच आहे. पुस्तिकेतला अंक हा त्या सगळ्या हिशेबाचा निकाल असतो. तो बाजूला ठेवून एकट्या रेशोवरून पुन्हा गणित मांडण्यात हशील नाही.

नॉक सेन्सर असलेल्या मोटारसायकलीला जास्त ऑक्टेनचा फायदा मिळतो का?

मिळू शकतो, पण सेन्सर आहे म्हणून आपोआप मिळत नाही. नॉक सेन्सर हा इंजिनावर घट्ट बोल्ट केलेला पिझोइलेक्ट्रिक तुकडा असतो. नॉकिंगच्या वारंवारतेची कंपने आली की तो ईसीयूला (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाला) कळवतो आणि ईसीयू ठिणगी काही अंश उशिरा पाडते. हार्ले-डेव्हिडसनच्या काही इंजिनांत वेगळा सेन्सर न बसवता स्पार्क प्लगमधूनच ज्वलनानंतरचा आयनांचा प्रवाह मोजून हेच काम केले जाते. होंडाच्या गोल्डविंग १८०० सारख्या मोठ्या टूररवर नॉक सेन्सर आहेत. लहान आणि मध्यम मोटारसायकलींवर ते सहसा नसतात, कारण लहान इंजिनात व्हॉल्व्ह, चेन आणि गिअर यांची कंपने इतकी असतात की त्यातून नॉकिंग वेगळे ओळखणे कठीण जाते, आणि खर्चही वाढतो.

सेन्सर असला तरी ईसीयूचा मूळ नकाशा (ठिणगी कधी पाडायची याचा साठवलेला तक्ता) कोणत्या पेट्रोलसाठी लिहिला आहे हे महत्त्वाचे असते. मूळ नकाशा ९८ रॉनचा असेल आणि पुस्तिकेत "९५ चालेल, पण शक्ती थोडी कमी मिळेल" असे लिहिलेले असेल, तर ९८ भरल्यावर फरक खरोखर पडतो. मूळ नकाशा ९५ चा असेल तर ९८ भरून तो आणखी पुढे जाईलच असे नाही. ज्या गाड्यांना सेन्सरच नाही, त्यांच्या ईसीयूला टाकीत काय आहे याचा पत्ताही लागत नाही; ठरलेल्या नकाशाप्रमाणे ती ठिणगी पाडत राहते.

पण जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरल्यावर गाडी मऊ पळते, असे अनेक जण सांगतात. ते सगळे चुकतात का?

जाणवणे खोटे नसते, कारण लावताना गफलत होते. त्या दिवशी हवा थंड असते, टायरमध्ये हवा नुकतीच भरलेली असते, सर्व्हिसिंग आठवड्यापूर्वी झालेले असते किंवा टाकीतले पेट्रोल महिनाभर पडून राहिलेले असते आणि नवे पेट्रोल फक्त ताजे असते. जास्त पैसे मोजले की कानही लक्ष देऊन ऐकू लागतात. गाडी आधी नकळत हलके नॉकिंग करत असेल तर मात्र तो मऊपणा खरा असतो, आणि मग प्रश्न असा उरतो की साध्या पेट्रोलवर चालायला हवी ती गाडी नॉकिंग का करत होती.

ज्याला तपासून पाहायचे असेल त्याने दोन्ही प्रतींच्या किमान तीन-चार टाक्या, त्याच रस्त्यावर आणि त्याच वेगाने संपवाव्यात, आणि दर वेळी गाडी मधल्या स्टँडवर उभी करून फिलर नेकमधल्या एकाच खुणेपर्यंत पेट्रोल भरावे. साइड स्टँडवर भरलेली टाकी आणि सरळ उभ्या गाडीची टाकी यांत चांगला अर्धा-एक लिटरचा फरक पडू शकतो. पेट्रोल दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.१ टक्का प्रसरण पावते. सकाळी आणि दुपारी भरलेल्या १२ लिटरांत तापमान १५ अंशांनी वेगळे असेल तर सुमारे १८० मिलिलिटरांचा फरक तिथेच होतो. एका टाकीवरून काढलेले "अ‍ॅव्हरेज दोनने वाढले" हे अनुमान या गोंधळातच बुडून जाते. तसे मोजणारे बहुतेक जण पहिली टाकी मोजतात आणि तिथेच थांबतात.

महागड्या पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारी रसायने असतात. त्यांचा तरी उपयोग होतो ना?

डिटर्जंट रसायनांचा उपयोग होतो, पण तो ऑक्टेनपासून वेगळा विषय आहे. इंजेक्टरच्या बारीक छिद्रांवर आणि इनटेक व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूला साठणारा चिकट थर ही रसायने कमी करतात. काही कंपन्या साध्या पेट्रोलमध्येही ती घालतात, काही फक्त महागड्या प्रतीत जास्त प्रमाणात घालतात. इंजेक्टर खरोखर घाण झाले असतील तर अशा पेट्रोलच्या काही टाक्यांनी फरक पडू शकतो. स्वच्छ इंजेक्टर आणखी स्वच्छ होत नाहीत.

इंजिनातून टकटक असा आवाज येतो. ते नॉकिंग आहे की टॅपेट?

हे ओळखायला शिकणे ऑक्टेनविषयीच्या कोणत्याही चर्चेपेक्षा जास्त उपयोगी आहे. टॅपेटचा आवाज गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्येही येतो, फेऱ्यांबरोबर एका ठेक्यात वाढतो आणि थ्रॉटल कमी केल्यावरही तसाच राहतो. नॉकिंग भाराखाली होते. चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये कमी वेगावर, चढावर, मागे माणूस बसलेला असताना थ्रॉटल एकदम पिळला की पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो, आणि मूठ सोडताच किंवा एक गिअर खाली टाकताच तो बंद होतो.

शंका असेल तर प्लग काढून उजेडात धरावा आणि मधल्या पांढऱ्या पोर्सेलिनकडे भिंगातून पाहावे. त्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंगचा संशय धरावा. चमकणारे बारीक चंदेरी कण दिसले तर ते पिस्टनचे अ‍ॅल्युमिनियम आहे आणि गाडी तशीच चालवत राहू नये. पोर्सेलिन नुसते पांढरेफटक असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा प्लगची हीट रेंज (तो उष्णता किती वेगाने बाहेर टाकतो ते) चुकीची आहे.

जुनी गाडी आता नॉकिंग करते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरावे का?

तात्पुरते भरावे आणि कारण शोधावे. वापराबरोबर पिस्टनच्या माथ्यावर आणि हेडमध्ये कार्बन साठतो, ज्वलनकक्षातील जागा कमी होते आणि तो थर उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे इंजिनाची ऑक्टेनची मागणी नवेपणापेक्षा काही अंकांनी वाढते. शिवाय इनटेक मॅनिफोल्डच्या रबरातून हवा गळणे, कार्बोरेटरचा जेट तुंबणे, ऑइल जाळणारे इंजिन, कूलंटची कमी पातळी, चुकीच्या हीट रेंजचा प्लग आणि हेड घासून बसवताना वाढलेले कॉम्प्रेशन, अशी कारणे असतात. जास्त ऑक्टेनने आवाज बंद होतो, दोष तसाच राहतो. मिश्रण पातळ झालेल्या इंजिनात हे विशेष धोक्याचे आहे, कारण सूचना देणारा आवाज नाहीसा होतो आणि व्हॉल्व्ह व पिस्टन तापतच राहतात.

फार जुन्या, शिशाच्या पेट्रोलच्या काळातल्या गाड्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाचा नॉकिंगविरोधी गुण थॉमस मिजलीने १९२१ मध्ये शोधला, आणि रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचे पेट्रोल विकणारा शेवटचा देश, अल्जीरिया, २०२१ मध्ये थांबला. शिसे ऑक्टेन वाढवत असे, तसेच मऊ व्हॉल्व्ह सीटवर एक संरक्षक थरही देत असे. त्या गाड्यांपैकी अनेकांचे कॉम्प्रेशन इतके कमी असते की आजचे साधे पेट्रोलही त्यांना ऑक्टेनच्या दृष्टीने पुरून उरते. सीटचे संरक्षण मात्र कितीही ऑक्टेनच्या शिसेमुक्त पेट्रोलने होत नाही; त्यासाठी कठीण सीट बसवून घ्याव्या लागतात.

पुस्तिकेत ९५ लिहिले आहे आणि वाटेत ९१ च मिळाले, तर काय करावे?

लागेल तेवढेच भरावे आणि पुढे योग्य पेट्रोल मिळाल्यावर टाकी पूर्ण करावी. तोपर्यंत थ्रॉटल अर्ध्याच्या आत ठेवावा, गिअर एक खालचा ठेवून फेऱ्या वर राहू द्याव्यात, आणि वरच्या गिअरमध्ये गाडी कण्हत चढावर नेऊ नये. नॉकिंग कमी फेऱ्या आणि जास्त भार या जोडीत सर्वाधिक होते. सेन्सर असलेली गाडी टायमिंग मागे घेऊन स्वतःला बहुतांशी सांभाळते. पिकअप थोडा मंदावतो आणि एक्झॉस्टचे तापमान वाढते. सेन्सर नसलेल्या गाडीत हे काम चालवणाऱ्याच्या मुठीवर असते. नेहमीच कमी ऑक्टेन वापरणे हा मात्र वेगळा प्रकार झाला आणि त्याचे बिल पिस्टनवर निघते.

दोन प्रतींचे पेट्रोल मिसळले तर चालते का?

चालते. अंक साधारणपणे प्रमाणात मिसळतात: टाकीत ९१ चे ४ लिटर उरले असताना ९५ चे ८ लिटर घातले तर सुमारे ९३.७ मिळते.

इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन जास्त असते. मग ते इंजिनाला चांगले का?

नॉकिंगच्या दृष्टीने चांगले, अ‍ॅव्हरेजच्या दृष्टीने नाही. इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा आहे, आणि बाष्प होताना ते पेट्रोलपेक्षा बरीच जास्त उष्णता शोषून आत येणारे मिश्रण थंड करते, हाही नॉकिंग रोखणारा गुण आहे. उलट बाजूला, एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल असतात आणि एका लिटर इथेनॉलमध्ये २१. म्हणून १० टक्के मिश्रणात लिटरमागे सुमारे साडेतीन टक्के आणि २० टक्के मिश्रणात सुमारे सात टक्के ऊर्जा कमी पडते. त्या मिश्रणासाठी कॉम्प्रेशन आणि टायमिंग बदलून बनवलेले इंजिन यातला काही भाग परत मिळवते. जुने इंजिन मिळवत नाही. कार्बोरेटरच्या गाडीत आणखी एक अडचण येते. इथेनॉलला पूर्ण जळायला हवा कमी लागते, आणि जेट तोच राहिल्यामुळे मिश्रण पातळ होते. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजेक्शनच्या गाड्या हा फरक आपणहून भरून काढतात.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी मर्यादेबाहेर गेले (१० टक्के मिश्रणात ही मर्यादा साधारण अर्ध्या टक्क्याची) की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन त्यामुळे घसरते आणि तळाचा थर इंजिनात गेला तर गाडी चालूच होत नाही.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्या किंवा विमानाचे पेट्रोल वापरावे का?

साध्या गाडीसाठी दोन्हींची गरज नाही. बाटलीवर "३० पॉइंट वाढ" असे लिहिलेले असते तेव्हा एक पॉइंट म्हणजे अनेकदा ०.१ अंक असतो. म्हणजे वाढ तीन अंकांची, तीही सांगितलेल्या प्रमाणात ओतल्यावर. मँगनीज किंवा फेरोसिनवर आधारलेल्या बूस्टरने प्लगच्या पोर्सेलिनवर तांबूस थर बसतो. फेरोसिनचा लोहयुक्त थर वीज वाहून नेतो आणि मिसफायर सुरू होते. विमानांच्या १०० एलएल पेट्रोलमध्ये शिसे असते, जे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही निकामी करते.

उंच डोंगराळ भागात ऑक्टेनची गरज वाढते का?

कमी होते. हवा विरळ असल्यामुळे सिलिंडरमध्ये भरणच कमी होते आणि दाब कमी राहतो. अमेरिकेच्या रॉकी पर्वतातल्या उंच भागांत ८५ अँटी-नॉक इंडेक्सचे पेट्रोल विकले जाते ते याच कारणाने. मात्र तिथे भरलेली टाकी घेऊन सपाटीवर उतरल्यावर हा फायदा राहत नाही.

बिग बोअर किट, हेडचे काम किंवा ईसीयू रिमॅप केल्यावर काय भरावे?

इथे पुस्तिकेतला अंक लागू राहत नाही. बोअर वाढवला आणि ज्वलनकक्ष तोच ठेवला तर कॉम्प्रेशन रेशो आपोआप वाढतो. हेड घासले किंवा गॅस्केट पातळ बसवले तरी तेच होते. काम करणाऱ्याकडून नवा रेशो मोजून घ्यावा, अंदाजाने नव्हे तर ब्युरेटने ज्वलनकक्षात ऑइल भरून, मिलिलिटरमध्ये. रिमॅपमध्ये टायमिंग पुढे नेलेले असेल तर डायनोवर (इंजिनाची शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर) चाचणी कोणत्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर झाली हे लेखी घ्यावे, कारण त्या नकाशासाठी तोच अंक किमान ठरतो. ९८ वर ट्यून केलेली आणि नॉक सेन्सर नसलेली गाडी ९१ वर पूर्ण थ्रॉटलला नेली, तर तिला मागे घेणारे आत कोणीही नसते. ही नोंद सर्व्हिस बुकात मूळ अंकाच्या शेजारी लिहावी, म्हणजे पुढच्या मेकॅनिकला किंवा पुढच्या मालकाला छापील अंकावर विसंबून राहावे लागणार नाही.